‘नेहमीच्या पद्धतीने’ : रक्तातील प्रतिकारपेशींच्या विलगीकरणाविषयीच्या लेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

प्रतिकारशास्त्रातील शोधनिबंध उघडला, की ‘साहित्य व पद्धती’ या शीर्षकाखाली बहुधा असे एक वाक्य भेटते : ‘रक्ताच्या नमुन्यातून प्रतिकारपेशी नेहमीच्या पद्धतीने विलग करण्यात आल्या.’ वाक्य कर्मणी प्रयोगातील आहे. त्यात कर्ता नाही, स्थळ नाही, काळही नाही. वाचक त्यावरून नजर फिरवून निष्कर्षांकडे वळतो आणि लेखकालाही तेच अपेक्षित असते.

प्रस्तुत लेखाचा विषय हे एक वाक्य आहे. वाङ्मयाची समीक्षा ज्या बारकाईने कवितेतील शब्द तपासते, त्याच बारकाईने शास्त्रीय लेखनातील शब्दही तपासले पाहिजेत, या भूमिकेतून हा लेख लिहिला आहे. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे : रक्तातून पेशी वेगळ्या करणे ही प्रयोगाची केवळ पूर्वतयारी नसून तो प्रयोगातील पहिला निर्णय असतो. या पद्धतीच्या मूळ कर्त्याने हे जाणून लेखन केले. त्यानंतरच्या लेखनाने मात्र ती जाण ‘नेहमीच्या’ या एका विशेषणात बुडवून टाकली. याची किंमत सुसज्ज संशोधन संस्थांपेक्षा आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांना अधिक मोजावी लागते.

१. प्रश्न संख्येचा

प्रथम अडचणीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एक मायक्रोलिटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या पेशी असतात केवळ ४ ते ११ हजार. म्हणजे एका पांढऱ्या पेशीमागे साधारणतः पाचशे ते हजार तांबड्या पेशी येतात. पांढऱ्या पेशींतही निम्म्याहून अधिक वाटा सामान्यतः न्यूट्रोफिल या कणिकायुक्त पेशींचा असतो. ज्यांच्या अभ्यासासाठी बहुतेक प्रयोग मांडले जातात त्या लसिकापेशी पांढऱ्या पेशींच्या २० ते ४० टक्केच असतात.

या गर्दीतून हव्या त्या पेशी जिवंत आणि शक्य तितक्या अविकृत स्थितीत बाहेर काढणे, हे विलगीकरणाचे उद्दिष्ट आहे. यातील ‘अविकृत’ हा शब्द सर्वांत अवघड आहे. वेगळे करताना आपण पेशीला स्पर्श करतो, आणि स्पर्श झालेली पेशी पूर्वीसारखीच राहिली असे गृहीत धरता येत नाही.

२. घेवड्याच्या बियांचा धडा

या विधानाचे सर्वांत बोलके उदाहरण १९६० सालचे आहे. त्या काळी तांबड्या पेशी दूर करण्यासाठी राजम्याच्या, म्हणजे आपल्या घेवड्याच्याच जातीच्या बियांपासून काढलेले फायटोहीमॅग्लुटिनिन हे प्रथिन वापरत. ते रक्तात मिसळले, की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे बनतात व तळाला बसतात. पांढऱ्या पेशी वरच्या द्रवात राहतात. अशा रीतीने मिळवलेल्या पेशी संवर्धनात ठेवल्या असता त्या विभाजित होताना दिसत. लसिकापेशी ही विकासाच्या शेवटच्या टप्प्यावरची, पुढे न विभागणारी पेशी होय, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. मग हे विभाजन कोठून आले?

फिलाडेल्फिया येथील पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये याचे उत्तर दिले. विभाजनाला चालना देत होते ते फायटोहीमॅग्लुटिनिनच. जे द्रव्य केवळ वेगळे करण्याचे साधन म्हणून वापरले जात होते, तेच पेशींना जागे करत होते. या शोधामुळे लसिकापेशींविषयीची कल्पना बदलली आणि गुणसूत्रांच्या अभ्यासाला एक हुकमी साधन मिळाले. समीक्षेच्या दृष्टीने मात्र त्याचा आणखी एक अर्थ महत्त्वाचा आहे. पद्धतीच्या परिच्छेदात ज्या द्रव्याचा जाता जाता उल्लेख होत असे, ते द्रव्य वस्तुतः निष्कर्षाचे कारण होते. नॉवेल यांनी तो परिच्छेद गांभीर्याने वाचला, असे म्हणता येईल.

३. बॉयम यांचा निबंध

आज ज्या पद्धतीला ‘नेहमीची’ म्हटले जाते ती नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेतील आर्ने बॉयम यांनी १९६८ मध्ये मांडली. ‘स्कँडिनेव्हियन जर्नल ऑफ क्लिनिकल अँड लॅबोरेटरी इन्व्हेस्टिगेशन’ या नियतकालिकाच्या ९७ व्या पुरवणीत त्यांचे या विषयावरील निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. प्रतिकारशास्त्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखनात त्यांपैकी एका निबंधाची गणना होते. तो निबंध मुद्रणात अवघा तेरा पानांचा आहे.

पद्धतीमागील कल्पना साधी आहे. फायकॉल हा साखरेपासून बनवलेला बहुवारिक पदार्थ आणि मेट्रिझोएट हे क्ष-किरण तपासणीत वापरले जाणारे द्रव्य यांचे मिश्रण करून १.०७७ घनतेचे द्रावण तयार करावयाचे. त्यावर पातळ केलेले रक्त अलगद सोडावयाचे आणि गुरुत्वाच्या सुमारे ४०० पट बलाने अर्धा ते पाऊण तास सेंट्रिफ्यूज फिरवावयाचा. फायकॉलमुळे तांबड्या पेशींचे पुंजके बनतात व त्या तळाला जातात. कणिकायुक्त पेशींची घनता द्रावणापेक्षा अधिक असल्याने त्याही खाली उतरतात. लसिकापेशी आणि मोनोसाइट त्याहून हलक्या असतात, म्हणून त्या दोन द्रवांच्या सीमेवर धुरकट पांढऱ्या थराच्या रूपाने तरंगत राहतात. तो थर पिपेटने उचलून धुतला, की काम झाले. निरोगी व्यक्तीच्या एक मिलिलिटर रक्तातून अशा साधारण १० ते २० लाख पेशी हाती येतात.

पुरवणीतील निबंधांच्या केवळ शीर्षकांचा क्रम पाहिला, तरी बॉयम यांची लेखनदृष्टी लक्षात येते. तांबड्या पेशींचे पुंजके बनवण्यासाठी प्रथम मेथिलसेल्युलोज, मग मेथिलसेल्युलोज, डेक्स्ट्रान व फायकॉल यांची तुलना, मग केवळ पृथ्वीच्या गुरुत्वाखाली पांढऱ्या पेशी कशा खाली बसतात याचा अभ्यास आणि त्यानंतर सेंट्रिफ्यूजची पद्धत, अशी ही मांडणी आहे. पर्याय तपासून त्यांतून एक का निवडला, हे सांगणारे हे लेखन आहे. ज्या निबंधातून पुढे ‘नेहमीची पद्धत’ जन्मली, तो निबंध स्वतः कशालाही नेहमीचे मानत नाही, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

४. संज्ञांची घसरण

बॉयम यांच्या निबंधाचे शीर्षक मराठीत असे सांगता येईल : ‘मानवी रक्तातून एककेंद्रकी पेशी व कणिकायुक्त पेशी यांचे विलगीकरण’. यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत.

पहिली म्हणजे ‘एककेंद्रकी’ हा शब्द. तो केवळ वर्णन करतो. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांचे केंद्रक अखंड दिसते, खंडित दिसत नाही, त्या पेशी, एवढेच तो सांगतो. त्या थरात लसिकापेशींबरोबर मोनोसाइट असतात, थोड्या प्रमाणात डेंड्रायटिक पेशी असतात, रक्तबिंबिकाही येतात. पुढील लेखनात मात्र हा सावध शब्द गळत गेला. ‘एककेंद्रकी पेशीं’च्या जागी कोठे ‘लसिकापेशी’ आल्या, कोठे सरसकट ‘प्रतिकारपेशी’ आल्या. दिसण्याचे वर्णन होते तेथे कार्याचा दावा आला. एखाद्या गावाच्या वेशीवर उभ्या असलेल्या दहा जणांकडे पाहून ‘गाव भेटले’ म्हणावे, तसे हे झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे शीर्षकाचा उत्तरार्ध. बॉयम यांनी कणिकायुक्त पेशींनाही शीर्षकात बरोबरीचे स्थान दिले होते. उत्तरकालीन वापराने पूर्वार्ध ठेवला आणि उत्तरार्ध बव्हंशी विसरला. न्यूट्रोफिल ही जंतूंवर सर्वप्रथम धावून जाणारी पेशी आहे. प्रतिकाराच्या कामात तिचा वाटा मोठा आहे. तरीही ‘प्रतिकारपेशी विलग केल्या’ असे लिहिणारा प्रयोगकर्ता ज्या नळीचा तळ फेकून देतो, त्या तळातच पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. येथे शब्द आणि कृती यांत सरळ विसंगती आहे.

मराठीत लिहिताना आणखी एक पेच पडतो. ‘विलगीकरण’ हा शब्द २०२० च्या महासाथीनंतर घरोघरी पोहोचला. पण तो रुग्णाला इतरांपासून दूर ठेवण्याच्या अर्थाने. प्रयोगशाळेतील अर्थ याहून वेगळा आहे. येथे कोणाला दूर ठेवावयाचे नसते, तर अनेकांतून काहींना वर काढावयाचे असते. ‘पृथक्करण’ म्हणावे तर त्यात घटकांचे विश्लेषण सूचित होते. आपल्या घरगुती भाषेत यासाठी दोन नेमकी क्रियापदे आहेत : ‘पाखडणे’ आणि ‘निवडणे’. सुपात धान्य पाखडताना वजनाच्या फरकावर काम चालते. तांदूळ निवडताना डोळा प्रत्येक खडा ओळखतो. बॉयम यांची पद्धत हे पाखडणे होय. फरक इतकाच, की सुपात हलके फोल उडवून जड दाणा राखतात, तर येथे हलके ते राखले जाते आणि जड ते जाऊ दिले जाते. पाखडलेल्या धान्याला कोणी निवडलेले धान्य म्हणत नाही. शोधनिबंधात मात्र असा घोटाळा राजरोस चालतो.

५. कोणत्या खोलीचे तापमान?

पद्धतीच्या परिच्छेदातील दुसरा निरुपद्रवी वाटणारा शब्दप्रयोग म्हणजे ‘खोलीच्या तापमानाला’. द्रावणाची १.०७७ ही घनता २० अंश सेल्सिअसची आहे, आणि द्रावण व रक्त दोन्ही १८ ते २० अंशांवर असावीत अशी सूचना तयार द्रावणाबरोबर दिलेली असते. स्कँडिनेव्हियातील प्रयोगशाळेत हे खोलीचे तापमान म्हणता येईल. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पंख्याखाली चालणाऱ्या प्रयोगशाळेतील ‘खोली’ ही निराळीच खोली असते. तापमान वाढले, की द्रावणाची घनता उतरते, तांबड्या पेशींचे पुंजके अधिक बनतात आणि त्यांत अडकून लसिकापेशीही तळाला जातात. उलट, शीतकपाटातून काढलेले गार द्रावण तसेच वापरले, तर पुंजके नीट बनत नाहीत आणि नको त्या पेशी थरात राहतात.

तिसरा शब्दप्रयोग फेऱ्यांचा. अनेक अहवालांत ‘दर मिनिटाला १५०० फेरे’ एवढेच लिहिलेले आढळते. पेशीवरील बल केवळ फेऱ्यांवर ठरत नाही. ते फिरणाऱ्या भागाच्या त्रिज्येवरही अवलंबून असते. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात १५०० फेऱ्यांना गुरुत्वाच्या सुमारे २५० पट बल मिळते, तर अठरा सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात सुमारे ४५० पट. आकडा तोच, प्रयोग वेगळा. त्रिज्या न देता फेरे देणे म्हणजे कोणती पायली ते न सांगता धान्य मोजून देण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर प्रकल्प-अहवालाचे परीक्षण केले होते. छापील अहवालात पद्धतीचा परिच्छेद ठरावीक शब्दांत होता आणि पेशींची संख्या अपेक्षेहून फार कमी होती. तोंडी परीक्षेत विद्यार्थिनीने आपली रोजची वही पुढे केली. तिच्यात दुपारची वेळ, भिंतीवरील तापमापकाचा ३९ अंश हा आकडा आणि ‘थर जवळजवळ दिसला नाही’ अशी नोंद होती. अहवालात हे का नाही, असे विचारता ‘पद्धतीत असे लिहीत नाहीत’ असे उत्तर मिळाले. तिने प्रयोग चुकीचा केला नव्हता; आपण तिला अपुरे लिहावयास शिकवले होते. तिच्या कमी संख्येचे संभाव्य स्पष्टीकरण वहीत होते आणि शास्त्रीय शैलीच्या नावाखाली ते वगळले गेले होते. त्या दिवशी गुण कोणाचे कापावेत, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मनात अद्याप आहे.

६. निरोगी रक्ताचे गृहीतक

घनतेवर आधारलेली ही पद्धत एक गृहीतक मनात धरून चालते : प्रत्येक प्रकारच्या पेशीची घनता ठरलेली असते. निरोगी व्यक्तीच्या ताज्या रक्ताबाबत ते पुष्कळसे खरे ठरते. रक्त चोवीस तास पडून राहिले, की न्यूट्रोफिल बदलतात, हलके होतात आणि वरच्या थरात येतात. आजारात तर हे शरीरातच घडलेले असते. ल्युपस, संधिवात व तीव्र आमवातज्वर या विकारांत हलक्या घनतेचे न्यूट्रोफिल आढळतात, हे हॅकबार्थ व काजडाक्सी-बाला यांनी १९८६ मध्ये दाखवले. क्षयरोगातही तसे निरीक्षण नोंदले गेले. २०२० मध्ये तीव्र कोविडच्या रुग्णांच्या ‘एककेंद्रकी’ थरात अपक्व न्यूट्रोफिल दिसले.

याचा अर्थ असा, की निरोगी गट आणि रुग्णगट यांची तुलना करताना दोन्हीकडे एकच पद्धत वापरली, तरी हाती आलेला थर एकच असेल याची शाश्वती नाही. दोन गटांतील फरक पेशींच्या वर्तनातील आहे, की थराच्या घडणीतील आहे, हे थर तपासल्यावाचून सांगता येत नाही. म्हणजे पद्धतीची समानता तुलनेची समानता सिद्ध करत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात याचे निकटचे उदाहरण सिकलसेल आजाराचे आहे. विदर्भातील जिल्ह्यांत आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागात हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. या रुग्णांच्या रक्तात केंद्रक न गळालेल्या अपक्व तांबड्या पेशी येतात. त्या पक्व तांबड्या पेशींहून हलक्या असल्याने एककेंद्रकी थरात मिसळतात. शब्दशः पाहता त्याही ‘एककेंद्रकी’च असतात. ज्यांच्या रक्तावर संशोधन होण्याची गरज सर्वाधिक आहे, त्यांच्याच रक्ताला ‘नेहमीची पद्धत’ सर्वांत कमी लागू पडते, हा येथील खरा विरोधाभास होय.

७. पाखडण्यापासून निवडण्याकडे

यावर असे म्हणता येईल, की आता घनतेवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लिओनार्ड हर्झेनबर्ग व सहकाऱ्यांनी १९६९ पासून प्रकाशमान खुणेच्या आधारे एकेक पेशी वेगळी करणारे यंत्र विकसित केले. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची युक्ती दिली आणि पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने हीच त्यांची ओळखपत्रे ठरली. १९९० मध्ये स्टेफान मिल्टेनी व सहकाऱ्यांनी चुंबकीय कण जोडलेल्या प्रतिपिंडांनी पेशी वेचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पाखडण्याकडून निवडण्याकडे झालेला हा प्रवास मोठाच आहे.

परंतु मूळ प्रश्न सुटलेला नाही; त्याने रूप बदलले आहे. हवी ती पेशी प्रतिपिंडाने धरून काढली, तर ते प्रतिपिंड तिच्यावर राहते. टी-पेशीवरील सीडी-३ या प्रथिनाला प्रतिपिंड जोडले गेले, की पेशीला सक्रिय होण्याचा संकेत मिळू शकतो. घेवड्याच्या प्रथिनाने १९६० मध्ये जो धडा दिला, तोच धडा येथे नव्या वेशात उभा राहतो. म्हणून अनेकदा उलटा मार्ग पत्करतात : नको त्या पेशींना प्रतिपिंडे जोडून त्या काढून टाकतात आणि हव्या त्या अस्पर्शित ठेवतात. त्यात शुद्धता सहसा काहीशी कमी मिळते. शुद्धता हवी की अस्पर्शितता, हा निवाडा प्रयोगाच्या हेतूवर ठरतो, आणि तो निवाडा लिहिलाच पाहिजे. शिवाय या चुंबकीय पद्धतींतही बहुधा पहिली पायरी बॉयम यांच्या थराचीच असते.

८. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की नियतकालिकांत जागा मर्यादित असते. सर्वज्ञात पद्धतीचे चर्वितचर्वण कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. तथापि तापमान, बल, रक्त काढल्यापासून गेलेला वेळ, रक्त गोठू नये म्हणून वापरलेले द्रव्य आणि थरातील पेशींचे प्रमाण, या पाच गोष्टी दोन ओळींत मावतात. टी-पेशींच्या चाचण्यांचा अहवाल देताना किमान कोणती माहिती द्यावी, याविषयी २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर जो उपक्रम मांडला गेला, त्यातही नमुन्याची हाताळणी हा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे ही मागणी अवाजवी नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पद्धत सदोष असती, तर अर्धशतकाहून अधिक काळ टिकली असती काय? येथे स्पष्ट केले पाहिजे, की प्रस्तुत टीका पद्धतीवर नाही. कमी खर्चाची, साध्या साधनांनी होणारी आणि पेशींना जिवंत ठेवणारी ही रीत आजही उपकारक आहे; लहान महाविद्यालयाला ती परवडते, हेही तिचे मोठे सामर्थ्य आहे. टीका आहे ती पद्धतीविषयीच्या निष्काळजी लेखनावर. चांगल्या पद्धतीचे यशच तिच्या अटींचा विसर पाडते, आणि अटी विसरलेली पद्धत हा विधी बनतो.

समारोप

रक्ताचा नमुना हा कोणाच्या तरी दंडातून आलेला असतो. देणाऱ्याने सुई सोसलेली असते, संमतिपत्रावर सही केलेली असते आणि आपल्या रक्तातून काही कळेल असा विश्वास ठेवलेला असतो. त्या रक्तातून काय राखले, काय फेकले आणि कोणत्या परिस्थितीत, हे प्रामाणिकपणे लिहिणे ही त्या विश्वासाची किमान परतफेड होय.

अध्यापकांनी यासाठी फार मोठे काही करावयाचे नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘नेहमीच्या पद्धतीने’ हे शब्द आले, की त्याखाली लाल रेघ ओढावी आणि समासात विचारावे : कोणाच्या नेहमीच्या? कोणत्या खोलीत? किती त्रिज्येच्या यंत्रात? विद्यार्थी उत्तर शोधू लागला, की बॉयम यांचे ते तेरा पानांचे लेखन त्याच्या हाती द्यावे. कर्तरी प्रयोगात, आपल्या प्रयोगशाळेचे तापमान नोंदवून लिहिलेला एक खरा परिच्छेद, ठरावीक शब्दांतील दहा निर्दोष परिच्छेदांपेक्षा शास्त्राच्या अधिक उपयोगी पडेल.